अंगणातले खोटे सुरुंग

आमची लेक काय करते असं कुणी विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं. परदेशात साफसफाईचं काम करते. उत्तर खोटं नाही, पण ऐकणारा माणूस एकदम मवाळ व्हायचा. इंजिनियर झालेली पोरगी आणि साफसफाई! एका मुंजीत आमच्या वन्संनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "होईल गं सगळं नीट." मीही मान हलवली. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी दुसराही हात धरला असता.

खरं असं आहे, की लढाई होऊन गेलेल्या एका देशात जमिनीत राहिलेले भूसुरुंग शोधून काढणारी माणसं आहेत, आणि आमची लेक त्यांच्यात आहे. धारवाडला सिव्हिल शिकली. बाकीची मुलं घरं बांधायला गेली, ही पडलेल्या घरांकडे गेली. का, ते तिला विचारून मी दमले. "कुणीतरी करायला पाहिजे की, आई," एवढंच म्हणते. कुणीतरी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी मुलगी, असं मला म्हणायचं असतं, पण ते तोंडातून निघत नाही. चांगलं दिसत नाही ते.

त्या वर्षी ती सुट्टीवर आली, ती नवरात्राच्या आधी. संध्याकाळी मी चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून खात होती, आणि आमचे हे दारात खुर्ची टाकून पेपर वाचल्याचं दाखवत होते. हे गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, हत्यारं करायला होते. रिटायर झाल्यापासून आमच्या नवनगरातल्या यच्चयावत कुकरांच्या मुठी यांच्या हाताखालून गेल्यात. लेकीच्या कामाचा विषय निघाला की यांचा पेपर थोडा वर जातो. तोंड दिसू नये म्हणून.

मी विचारलं, "आता कुठं असतं काम? शेतात?"

"शेतं झाली, आई. आता गावात. पडलेल्या घरांत." तिनं ताटली माझ्यापुढं धरली. "हे बघ. शेतात माती असते. यंत्र फिरवलं की लोखंड असेल तिथं बोलतं. पडलेल्या घरात सळ्याच सळ्या, यंत्र बोलायचं थांबतच नाही. म्हणून हातानं उपसायचं. आता समज, या चुरमुऱ्यांत कुठंतरी एक मिरचीचा तुकडा आहे. तो शोधायचा, पण तो हलता कामा नये. वरचा कांदा काढला तर शेंगदाणा घसरणार, शेंगदाणा घसरला तर मिरचीवर पडणार."

"मग कशानं उपसता?"

"तेच तर. आमची हत्यारं शेतासाठी केलेली. लांब, सरळ. विटांच्या फटीत जात नाहीत. कोण गवंड्याची थापी आणतं, कोण घरातला डाव आणतं."

पेपर खाली आला. "डाव?" हे म्हणाले. "स्वयंपाकातला डाव घेऊन तू सुरुंग काढतेस?"

"मी नाही, अप्पा. एक बाई आहे आमच्यात, ती."

"आण ती ताटली इकडे," हे म्हणाले. आणि मिरचीचा तुकडा शोधायच्या निमित्तानं सगळं गिरमिट खाऊन टाकलं. आम्हाला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेंपो दारात येऊन उभा राहिला. उणकलला तळ्याच्या बाजूला कुणी जुनं घर पाडत होतं, नवीन बिल्डिंग उठवायला. तिथला राडारोडा यांनी मागवला होता; विटांच्या फटीत जाणारं हत्यार हे स्वतः लेकीला करून देणार होते, ते तपासायला. विटा, स्लॅबचे तुकडे, वाकलेल्या सळ्या, निम्मी खिडकी, संडासाचं फुटलेलं भांडं. सगळं माझ्या अंगणात, जिथं मी मेथी पेरणार होते तिथं.

शेजारची अक्का कंपाउंडवरून डोकावली. ती सत्तरीला टेकलीय, आणि डोकावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. "मनी कट्टसाकत्तीरेन्री?" म्हणजे घर बांधायला काढलंत काय.

"इल्लरी," मी म्हटलं, "केडविद मनी तंदीव्री." नाही हो, पाडलेलंच घर आणलंय.

अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग यांच्याकडं बघितलं, आणि मान हलवत आत गेली. त्या दिवशी तिनं माझ्यासाठी मुद्दाम पुरणाचे होळिगे पाठवले.

आता खोटे सुरुंग. बुटाच्या पॉलिशच्या रिकाम्या डब्या, आत स्प्रिंग, आणि दारावरच्या बेलचं यंत्र. चिमणीसारखी चिवचिवते ना, तीच स्वस्तातली बेल. आमच्या दारावर आहे, अक्काच्याही दारावर आहे, निम्म्या नवनगराच्या दारावर तीच चिमणी बसलेली आहे. यांना बाजारात तेवढीच मिळाली. डबीला जरा धक्का लागला की चिवचिव. लेकीनं त्या डब्या ढिगाऱ्यात कुठं कुठं पुरल्या, ते कुणाला सांगितलं नाही. नियम असा, की चिमणी ओरडली की माणूस गेला. उठायचं, हात झटकायचे, आणि बाकीच्यांसाठी चहा करायचा.

हत्यार तयार व्हायला वेळ गेला. गोकुळ रोडला यांच्या जुन्या सोबत्याचं वर्कशॉप आहे. हे सकाळी डबा घेऊन तिकडे जायचे, जणू पुन्हा नोकरीच लागली. पहिलं हत्यार आलं ते एवढं वजनदार, की लेक म्हणाली, "अप्पा, यानं मी ढिगारा काढायचा की नवीन करायचा?" दुसरं आलं ते आरशासारखं पॉलिश केलेलं. ते उन्हात धरलं आणि आम्ही तिघांनी डोळे मिटले. "एवढं चमकवायला कुणी सांगितलं?" मी विचारलं. "सवय आहे," हे म्हणाले. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिसरं मात्र बरोबर जमलं. एक मूठ, रबर चढवलेली, तिचे तीन तुकडे, पेचानं एकमेकांत बसणारे. जागा अरुंद असेल तर एकच तुकडा लावायचा, हात लांब ठेवायचा असेल तर तिन्ही. मुठीच्या पुढं जाड ढाल, बोटांसाठी. आणि टोकाला बदलून बसवायची तोंडं: वाकड्या बोटांसारखं दाताळं, फटीत जाईल अशी पातळ पट्टी, आणि एक छोटं खोलगट खोरं. सगळं मिळून खांद्याला लावून नेता येईल एवढंच. त्याला पिशवी मी शिवली, पानाच्या चंचीसारखी, एकेका कप्प्याची, गुंडाळून दोरी बांधायची. लेक म्हणाली, "सुपारी कुठं ठेवू?" मी म्हटलं, "तुझ्या आत्याला विचार, तिला तुझी फार काळजी आहे."

नवीन हत्याराचं उद्घाटन यांच्याशिवाय कोण करणार? कारखान्यात एवढी वर्षं गेली, नारळ फोडल्याशिवाय यांनी नव्या मशीनचं बटण कधी दाबलं नाही. आमच्याकडे तसंच आहे. खंडेनवमीला तर सायकलच्या पंपालाही कुंकू लागतं. यांनी अंघोळ केली, हत्याराला हळद लावली, फूल वाहिलं, नारळ हातात घेतला आणि दगड शोधायला लागले. समोरच ढिगाऱ्याच्या कडेला स्लॅबचा चांगला मोठा तुकडा होता.

"अप्पा, तिथं नको," असं लेक म्हणेपर्यंत यांनी दण्णकन नारळ आपटला.

सगळ्या चिमण्या एकदम ओरडल्या. अंगणात पहाट झाल्यासारखा चिवचिवाट. अक्का धावत तिच्या दारापाशी गेली, दार उघडलं, कुणी नाही, पुन्हा कंपाउंडपाशी आली. हे तसेच उभे, हातात अर्धी करवंटी, पाणी कोपरावरून ओघळतंय.

लेक खाली बसून हसत होती. "उद्घाटनालाच सगळी तुकडी गेली, अप्पा. चहा करा."

यांनी निमूट चहा केला. साखर विसरले.

मग रोजची परीक्षा सुरू झाली. लेक शिकवायची. गुडघे टेकायचे, मागची जागा मोकळी केलेली असते तिथंच बसायचं, पुढं हात. वरचा तुकडा आधी, एकच. अडकलेलं ओढायचं नाही. वरून दाबायचं नाही. बाजूनं उकरत जायचं. हे तर मन लावून करायचे. दाताळं फटीत घालून विटेचा तुकडा असा अलगद काढायचे, की जणू बाळाच्या मुठीतलं खेळणंच काढतायत. मग खोऱ्यात माती घ्यायची, बाजूच्या बादलीत टाकायची. आणि टाकून झाली की खोऱ्याची कड पुढच्या विटेवर दोनदा आपटायची. टक टक.

चिवचिव.

"काय झालं? मी तर कशाला हात लावला नाही," हे म्हणाले.

"आपटलं तुम्ही."

"मी?"

पुन्हा सुरुवात. तुकडा, माती, बादली, टक टक, चिवचिव. यांनी बेलला दोष दिला. बेल बदलली. मग स्प्रिंगला दिला. मग मला, मी बघत बसते म्हणून. मी आत गेले, तरी आतून ऐकू आलं. टक टक, चिवचिव, आणि यांचं "छे."

आता ही सवय कुठली, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. आमची माती काळी, एरी माती म्हणतात तिला. ओली झाली की चपलेला धरते, खुरप्याला धरते, कुदळीला धरते. हत्यार आपटल्याशिवाय पुढचा घाव घालता येत नाही. इथलं पोर खुरपं धरायला शिकतं, तेव्हा आपटायलाही त्याच दिवशी शिकतं. लेक म्हणाली, "अप्पा, ढिगाऱ्यात काळी माती नाही हो. सिमेंटची धूळ आहे, आपोआप गळते. खोऱ्याला काही चिकटतच नाही."

यांनी खोरं उलटं करून बघितलं. स्वच्छ होतं. "मग मी काय झटकतोय?"

"तेच विचारतेय."

मी मदतीला म्हणून घरातही नियम लावला. कुणी काही आपटलं, की दुसऱ्यानं "चिव" म्हणायचं. यांनी फाटकाची कडी आपटली, मी म्हटलं चिव. चमचा कपावर वाजवला, चिव. मला फार मजा येत होती. मग मी सांबार ढवळलं, पळी पातेल्याच्या काठावर ठोकली, आणि दारातून एकदम दोन आवाज आले, बापाचा आणि लेकीचा. "चिव!"

"स्वयंपाकात कुठले सुरुंग?" मी म्हटलं.

"तुझं सांबार खाल्लेल्यांना विचार," हे म्हणाले.

असे दिवस चालले होते. हसत होतो आम्ही. लेकीची परत जायची तारीख जवळ येत होती आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मी चटणी, मेतकूट, शेंगापोळ्या करत होते, आणि हे ढिगाऱ्यापुढं गुडघे टेकत होते. त्यांनी लेकीला कबूल करून घेतलं होतं, की हत्यार पक्कं झालं तर ती हेच घेऊन जाणार, तिकडं दाखवणार, आणि निदान स्वतः तरी थापी आणि डाव वापरणार नाही.

मग एक दिवस काय झालं, दुपारची वेळ, हे दमले होते म्हणून लेक म्हणाली, बघू इकडं, मी करते. ती बसली. मी पायरीवर भेंडी चिरत होते. तिचं काम बघण्यासारखं होतं, घाई नाही, चुळबूळ नाही. बोलत बोलत करत होती. मला विचारत होती, ती चुलत बहीण आता कुठं असते, तिच्या मुलाचं काय झालं. मी सांगत होते. तिनं खोऱ्यात माती घेतली, बादलीत टाकली आणि विटेवर, टक टक.

चिवचिव.

ते टक टक अगदी यांच्यासारखं होतं. तोच ठेका, तीच मनगटाची लकब. मला हसू आलं, आणि मी यांच्याकडं बघितलं. हे हसत नव्हते. भिंतीला टेकले होते आणि लेकीच्या हाताकडं बघत होते.

लेकच बोलली. "तिकडं नाही करत मी असं, अप्पा. तिकडं लक्ष असतं. इथं आईशी बोलत होते म्हणून."

"लक्ष दमतं," हे म्हणाले. "हात दमत नाही. त्याला जे येतं ते करतो तो."

त्यांनी तिच्या हातातून मूठ घेतली, तुकडे सुटे केले, एकेक पुसून चंचीत घातले, दोरी बांधली आणि कपाटावर ठेवली. "हे नेऊ नकोस," म्हणाले. "लहानपणी परसात माझ्या बाजूला बसून खुरपायचीस. माझ्याकडूनच घेतलंस ते. आता मीच केलेलं हत्यार तुझ्या हातात आलं, की हाताला घर आठवणार. तुझं ते जुनं लांबडं आहे तेच बरं."

सगळा खेळ कशासाठी चालला होता ते आम्हा तिघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण तोपर्यंत चिमण्या मध्ये होत्या.

रात्रीचं जेवण कसंबसं झालं. सकाळी मी पोह्याला फोडणी दिली, उलथनं कढईवर ठोकायला गेले आणि थांबले, हवेतच. चिकटलेले पोहे तसेच, हात तसाच. मला इतका राग आला म्हणून सांगू. मी बाहेर जाऊन म्हटलं, "आपटू नका म्हणता दोघंही. मग आपटायचं कुठं, ते तरी सांगा. हात उचललाय, आता तो ठेवू कुठं?"

लेक दात घासत होती. ती हसली, मग हसता हसता थांबली. तोंडात ब्रश तसाच ठेवून म्हणाली, "अप्पा, आम्ही माणसांना सांगतो आपटू नका. प्रत्येक तुकडीला सांगतो. तिकडचेही आपटतात, गवंडी होते कोण, शेतकरी होते कोण. सांगून दोन दिवस राहतं, मग हात विसरतो."

"मग?"

"हाताला जागा द्यायला पाहिजे."

थोड्या वेळानं कपाटावरची चंची खाली आली. दारातलं काथ्याचं पायपुसणं हे घेऊन गेले, माझं, नवीन, गणपतीच्या आधी घेतलेलं. त्याच्या पट्ट्या कापल्या. आणि माती टाकायची ती बादली असते ना, तिच्या काठावर आतून बाहेरून ती पट्टी आवळून बसवली. बादलीची जागाही बदलली. बाजूला नाही, मांडीला लागून मागं, मोकळ्या केलेल्या जागेत. माती टाकायला हात तिकडंच जाणार. टाकली की तिथंच काठ. आपटायचं तर आपट, पुसायचं तर पूस, आवाजसुद्धा होत नाही. बादली कापडाची केली, घडी होणारी, म्हणजे तीही चंचीत जाईल. तिचा कप्पा शिवायला पुन्हा मीच.

एवढ्यानं लगेच जमलं असं नाही. यांचा हात दोन्हीकडं जायचा, अर्ध्यात गोंधळायचा, एकदा तर खोरं स्वतःच्याच गुडघ्यावर ठोकलं. पण जायच्या आदल्या दिवशी, मी चहा घेऊन बाहेर आले तर लेक मागं उभी, हाताची घडी घालून, आणि हे गुडघ्यांवर. तिनं मला खूण केली, बोलू नकोस. हे ढिगाऱ्याच्या या टोकापासून निघाले होते आणि निम्म्या खिडकीपर्यंत पोचले होते. तुकडा, माती, बादली, काठावर फस्स असा आवाज. तुकडा, माती, बादली, फस्स. एक डबी उघडी पडली, त्यांनी तिच्या बाजूनं माती काढून खूण लावली, पुढं गेले. दुसरी. शेवटची संडासाच्या भांड्याखाली होती, ती लेकीनं मुद्दाम ठेवली होती, दुष्ट कुठली. यांनी भांड्याचा तुकडा उचलला. माती घेतली. हात वर गेला, एक क्षण पुढच्या विटेवर थांबला, मला दिसला तो थांबलेला, आणि मग मागं आला. फस्स.

आणि चिवचिव.

यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. हत्यार तसंच हातात, मान खाली. "मी आपटलं नाही," एवढंच म्हणाले, लहान मुलासारखं.

"अप्पा, डबी नाही ती," लेक म्हणाली. "दारावरची बेल आहे."

फाटकातून आत येऊन अक्का दारापाशी उभी होती, हातात झाकलेलं ताट. लेक निघणार म्हणून कडबू करून आणले होते. आम्ही तिघं तिच्याकडं असे बघत राहिलो, की ती म्हणाली, "नंतर येऊ काय मी?" यांनी गुडघ्यावरूनच हात जोडले. "बा अक्का, ये," म्हणाले, "तूच राहिली होतीस."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर चंचीची दोरी यांनी स्वतः बांधली, मग सोडली, मग पुन्हा बांधली. लेकीनं ती सामानात ठेवली. मी नेहमीचं सगळं म्हटलं, जेव, झोप, फोन कर.

आता ती फोनवर दिसते. तिकडं तिच्या तुकडीनं तशाच बादल्या शिवून घेतल्यात, काठाला तिकडचाच कुठला दोरखंड लावून. काथ्या मिळत नाही म्हणे. डाव घेऊन येणारी ती बाईसुद्धा यांचं खोरं मागून घेते. फक्त ती आपटते जोरात, आणि बादली उलटते. "तिला सांग, वजन घाल तळाला," हे म्हणतात. मूठ ओल्या हातात जरा फिरते अशी तक्रार आली, त्यावर हे पुन्हा डबा घेऊन गोकुळ रोडला जायला लागलेत.

फोन संपत आला की यांचं एक ठरलेलं असतं. चष्मा लावतात आणि म्हणतात, "मुठीचं रबर झिजलंय का बघू. धर वर. असं नाही, नीट, दोन्ही हातांनी धर."

लेक दोन्ही हातांनी मूठ वर धरते, दहाही बोटं पसरून, जरा इकडं, जरा तिकडं. तिला कळतं. रबराकडं कोण बघतंय? हे बघतात, मी त्यांच्या खांद्यावरून बघते.

"ठीक आहे," हे म्हणतात. "झिजलं नाही अजून."